टांझानियात दहा महिने शिवण शिकवून सोलापूरला परत आले. निरोपाबद्दल बोलायचंय

सुईदोरा | ६ एप्रिल २०२५, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी.

इथं बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. परत येऊन पाच आठवडे झाले, पण अजून कुणाशी नीट बोलणं झालेलं नाही. घरचे विचारतात, शेजारचे विचारतात. "सिंह बघितलास का?" आणि "जेवणाचे हाल झाले असतील नाही?" हे दोन प्रश्न झाले की विषय संपतो. यात त्यांची चूक काही नाही. माझ्याच मनात बरंच साठलंय, म्हणून धागा काढला.

मी ४७ वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या गणवेशांच्या एका कारखान्यात १९ वर्षं कटिंग मास्टर होते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी अशी वाढले, त्यामुळे आणखी एक भाषा शिकायची म्हटल्यावर घाबरले नाही. मुलगी नोकरीला लागली, सासूबाईंची तब्येत सावरली, आणि एका संस्थेला शिवण शिकवणारं अनुभवी माणूस हवंय असं कळलं. पगार नाही, विमानभाडं आणि राहणं-जेवण त्यांचं. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये. नाहीतर आयुष्यभर म्हणत बसशील."

गेल्या मे महिन्यात गेले. दोडोमा शहरापासून बसने तासाभरावरचं गाव. वर्गात १४ मुली, १६ ते २४ वयाच्या. मशीनं १२, सगळी पायाची, कारण विजेचा भरवसा नाही.

दोडोमा ही टांझानियाची राजधानी. राजधानी दार-एस-सलामहून इकडे हलवायचं १९७३ सालीच ठरलं होतं, सरकारी कचेऱ्या मात्र अलीकडे आल्या. मला तिथं पहिल्या दिवशी काय वाटलं सांगू? मंगळवेढ्याला आल्यासारखं वाटलं. कोरडी हवा, धूळ, वर्षातून एकच पावसाळा, तोही डिसेंबर ते एप्रिल. शेतात ज्वारी, बाजरी, भुईमूग. आणि द्राक्षाचे मळे! टांझानियात द्राक्ष म्हटलं की दोडोमाचंच नाव घेतात. आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या बाईला आणखी काय हवं?

भाषेनंही जवळ घेतलं. त्यांच्या स्वाहिलीत चहा म्हणजे चाय, दुकान म्हणजे दुका, गाडी म्हणजे गारी, पैसा म्हणजे पेसा, हिशेब म्हणजे हेसाबु. नाती मात्र उलटीपालटी. मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि बाबा म्हणजे बाबाच. शिवणयंत्राला चेरेहानी म्हणतात. कारागिराला फुंडी. मला आधी 'म्वालिमु' म्हणजे बाई म्हणायचे, मग हळूहळू 'मामा' झाले.

आता मुद्द्याचं. पहिल्याच आठवड्यात केंद्राच्या प्रमुख बाईंनी मला त्यांची एक म्हण शिकवली, 'म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेंबे'. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. मला लगेच आपली म्हण आठवली, पहिला दिवस पाहुणा, दुसरा दिवस पई, तिसरा दिवस राही त्याची अक्कल जाई. दोन्हीकडे तीनच दिवस. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाहुण्याने निघायचं, त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी त्याने घरचं व्हायचं. मी कुदळ घेतली आणि घट्ट धरली. फार घट्ट धरली, हे उशिरा कळलं.

मशीन अडलं की मुली हाक मारायच्या. मी उठायचे, बॉबिन केस काढायचे, शटलमधला धागा ओढायचे, टेन्शन बसवायचे, चाकाची वादी सैल झाली असेल तर कापून जोडायचे. पाच मिनिटांत मशीन चालू. कारखान्यात १९ वर्षं हेच केलं होतं, मशीन थांबलं की माल थांबतो. सहा महिने असेच गेले. एकदा मला ताप आला, मलेरिया निघाला, आठ दिवस पडून होते. परत वर्गात गेले तर १२ पैकी ५ मशीनं बंद. मुली उरलेल्या मशीनवर पाळीपाळीनं शिवत होत्या. कुणाच्याच चेहऱ्यावर तक्रार नव्हती, "मामा आली, आता होईल" एवढंच. त्या रात्री मला झोप आली नाही. मी मशीनं दुरुस्त करत होते आणि त्यांना माझी सवय लावत होते.

मग उरलेले चार महिने शिकवण्याची पद्धत बदलली. मशीन अडलं की मी खुर्चीवर हात बांधून बसायचे. हे सांगायला सोपं आहे. समोर मुलगी शटल उलटं बसवतेय, दिसतंय, आणि आपण तोंड उघडायचं नाही, हे मला भर उन्हाळ्यात रांगेत उभं राहण्यापेक्षा जड गेलं. एका मुलीनं तर रागानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

जानेवारीत तिथं शाळा सुरू होतात. वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सरकारी शाळेत २०१६ पासून फी नाही, पण गणवेश आई-बापांनीच आणायचा. म्हणजे आपल्याकडे जो हंगाम एप्रिल-मे-जूनचा, तो तिथं नोव्हेंबर-डिसेंबर. हे मला आल्या आल्या दिसलं होतं, हंगाम ओळखणं हेच माझं काम. दोन शाळांच्या पालकांकडून ऑर्डर मिळाली, पांढरे शर्ट आणि निळे स्कर्ट. इकडे सिद्धेश्वराची यात्रा चालू, मुलगी नंदीध्वजाचे फोटो पाठवतेय, आणि तिकडे आम्ही काजं करतोय. गड्ड्याची यात्रा चुकली असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. खूप आठवण आली. पण त्या महिन्यात प्रत्येक मुलीला स्वतःच्या शिलाईचे पैसे पहिल्यांदा मिळाले, ते मी डोळ्यांनी बघितलं.

२६ फेब्रुवारीला निघाले. निरोपाच्या दिवशी मुलींनी मला कांगा दिला. कांगा म्हणजे त्यांच्या बायका नेसतात-पांघरतात ते छापील सुती कापड, जोडीनं मिळतं, चारी बाजूंनी काठ आणि खाली एक वाक्य छापलेलं. माझ्या कांग्यावरचं वाक्य, 'म्गेनी न्जो, म्वेन्येजी अपोने'. पाहुण्या ये, म्हणजे यजमानाला बरं वाटेल. मी त्यांना सोलापुरी चादर दिली. ती चादर त्यांनी कटिंगच्या टेबलावर अंथरली नाही, भिंतीला टांगली. मला ते पटलं नाही, पांघरायला दिली होती. पण बोलले नाही.

दोडोमाहून दारला (दार-एस-सलामला) नवीन विजेच्या गाडीनं आले. २०२४ मध्येच सुरू झाली, साडेचारशे किलोमीटर चारेक तासांत. खिडकीतून बघत होते आणि रडू येत नव्हतं. रडू आलं ते सोलापूर स्टेशनला, उतरल्यावर. तिथं कुणी प्रवासाहून आलं की म्हणतात 'पोले ना सफारी'. पोले या शब्दाला मराठीत शब्द नाही. कुणी दमलंय, ठेचकाळलंय, आजारी आहे, डोक्यावर ओझं आहे, तर वाटेवरचा अनोळखी माणूसही 'पोले' म्हणतो. तुझा त्रास मला दिसला, एवढंच. स्टेशनवर हमालाच्या डोक्यावर माझी बॅग होती आणि माझ्या तोंडून 'पोले' निघालं. तो वळून बघायला लागला.

आता प्रश्न. तुमच्यापैकी कुणी असं काम करून परत आलं असेल तर सांगा, शेवट कसा केलात? परत आल्यावर फोन करत राहिलात का? मी रोज फोन हातात घेते आणि ठेवते.

---

मालदांडी | ६ एप्रिल, रात्री ११:०२

ताई, एका दमात वाचलं. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच हो, हजारो वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली. आपली मालदांडी ३५-१ ही निवड तर आपल्या मोहोळच्या केंद्रातली. म्हणजे तुम्ही ज्वारीच्या माहेरी जाऊन आलात. तिथं भाकरी केलीत का?

---

सुईदोरा | ६ एप्रिल, रात्री ११:२०

केली दादा! ते ज्वारीला म्तामा म्हणतात आणि पिठाची उगाली करतात, आपल्या घट्ट उकडीसारखी. पीठ जाडसर आणि लालसर असतं, त्यामुळे पहिल्या दिवशी भाकरी थापतानाच चिरा गेल्या. मग उकळत्या पाण्यात पीठ उकडून घेतलं आणि जमली. जास्त कौतुक शेंगाचटणीचं झालं. तिथं घरोघरी लाकडी उखळ असतं, किनु म्हणतात. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ त्यात कुटलं आणि तेल सुटेपर्यंत कुटत राहिले. मिक्सरच्या चटणीला ती चव येणार नाही. ते शेंगदाण्याचं कूट पालेभाजीत घालतात, असं नुसतं तिखट करून खायचं त्यांना माहीत नव्हतं. आता दोन घरी होतं म्हणे.

---

रेल्वे_लाईन्स | ७ एप्रिल, सकाळी ७:४५

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण अनुभव आहे.

२०१५ च्या भूकंपानंतर मी नेपाळला गेलो होतो. २५ एप्रिलचा मोठा धक्का ७.८ चा, आम्ही पोचलो आणि १२ मे ला पुन्हा ७.३ चा झाला. सिंधुपाल्चोक जिल्ह्यात पत्र्याचे तात्पुरते निवारे उभे करायचं काम. सोलापुरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे हाताला काम होतं. तीन आठवडे राहिलो. पावसाळा तोंडावर, ठरलेल्या निवाऱ्यांपैकी बरेच व्हायचे होते, आणि आमची परतीची तिकिटं काढलेली होती. एका म्हाताऱ्या आजोबांच्या निवाऱ्याचा सांगाडा उभा केला होता, पत्रे यायचे होते. मी निघताना त्यांनी मला चहा दिला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दहा वर्षं होतील या महिन्यात. ते पत्रे बसले की नाही, मला कळलेलं नाही. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, नाव फक्त 'बा' एवढं. तुमच्याकडे १४ मुलींचे नंबर आहेत. फोन हातात घेऊन ठेवू नका, लावा.

---

नवी_पेठ | ७ एप्रिल, दुपारी १:१०

राग मानू नका, मनात आलं ते विचारतो. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत, यंत्रमाग बंद पडून घरी बसलेले कामगार आहेत. त्यांच्या मुलींना शिवण शिकवायला कुणी नाही. मग दहा महिने आफ्रिकेत कशासाठी? विमानाच्या भाड्यात इथं चार मशीनं आली असती.

---

सुईदोरा | ७ एप्रिल, रात्री ९:३०

दादा, राग नाही. हा प्रश्न मी निघायच्या आधी स्वतःला विचारला होता आणि तिथं राहूनही विचारत होते.

माझी आई विड्या वळायची. रोज हजार विड्यांचा हिशेब, पानं, तंबाखू, सूप मांडीवर, हे मी बघत मोठी झाले. त्यामुळे इथल्या बायका मला परक्या नाहीत. पण इथं १९ वर्षं काम करून मी कुणाला काय शिकवलं? कारखान्यात हाताखाली आलेल्या मुलीला एक काम द्यायचं, बाही तर बाही, कॉलर तर कॉलर. तीन-चार वर्षांनी तिला बाहीच येते. पूर्ण शर्ट येत नाही, आणि मशीन उघडायला तर मेकॅनिकच लागतो. माल लवकर निघावा म्हणून तशीच रचना आहे, आणि त्यात मीही होते. पूर्ण शर्ट शिकवायचा, मशीनसकट, हे मला तिथं जाऊन सुचलं, कारण तिथं दुसरा कुणी नव्हता.

आता माझ्या घराच्या वरच्या खोलीत दोन जुनी पायाची मशीनं आणून ठेवलीत. मे पासून गल्लीतल्या सहा मुली येणार आहेत. पहिल्या दिवशी मशीन उघडायला शिकवणार, शिवण नंतर. भाड्याच्या पैशाचं तुमचं म्हणणं खोडता येत नाही मला. ते पैसे संस्थेचे होते, माझ्या हातात कधी आले नाहीत, पण तरीही तुमचा प्रश्न बरोबर आहे.

---

बार्शीची_आई | ८ एप्रिल, दुपारी ३:२५

माझी लेक जर्मनीत एक वर्षाची स्वयंसेवा करते आहे, वृद्धाश्रमात. त्या वर्षात त्यांना २५ दिवस शिबिरांना पाठवतात, आणि शेवटचं शिबिर फक्त निरोपावर असतं म्हणे. ऑगस्टमध्ये परत यायची आहे. गेल्या आठवड्यात फोनवर रडली. ज्या आजींना ती रोज भरवते, त्या तिला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. ती निघून गेल्यावर त्यांना काय सांगायचं, हे तिला कुणी सांगू शकत नाहीये. मी म्हटलं, "अगं, त्या विसरतील." ती एकदम गप्प झाली. माझं बोलणं चुकलं, हे सुईदोराताईंचं वाचून कळलं. आज रात्री तिला फोन करून काय बोलू? कुणी सांगेल का?

---

सुईदोरा | ८ एप्रिल, सायंकाळी ६:५०

वहिनी, काही सांगू नका. त्या आजींबद्दल विचारा. त्यांना काय आवडतं, काय भरवते, त्या बहिणीचं नाव काय. मला परत आल्यापासून कुणी एकाही मुलीबद्दल विचारलं नाही. सिंहाबद्दल विचारतात. तुमची लेक ऑगस्टमध्ये येईल तेव्हा तिला दमून येऊ द्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आजींबद्दल पुन्हा विचारा. महिन्यानेही विचारा.

---

भैय्या_चौक | ९ एप्रिल, रात्री ८:४०

ताई, मी नर्सिंग पूर्ण केलंय. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी केनियाला जाते आहे, पहिल्यांदाच. घर डॉ. कोटणीसांच्या स्मारकापासून पाच मिनिटांवर, लहानपणापासून शाळेच्या सहली तिथेच. १९३८ साली पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले आपल्या सोलापूरचे कोटणीस वडील गेल्याचं कळूनही तिथेच थांबले. ती भाषा शिकले, तिथंच लग्न केलं, मुलाचं नाव भारत आणि चीन दोन्ही जोडून यिनहुआ ठेवलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वयाच्या ३२ व्या वर्षी. आम्हाला शाळेत हे सांगताना बाई नेहमी म्हणायच्या, "असं जायचं." मला आता भीती वाटते, की सहा महिन्यांनी परत येणं म्हणजे अर्धवटच, नाही का?

लसीचंही सांगा. पिवळ्या तापाची घ्यावी लागेल ना?

---

सुईदोरा | ९ एप्रिल, रात्री १०:०५

बाळा, लस आधी. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घे आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घे, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून धरतात. २०१६ पासून एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. ते पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबरच ठेव, परत येताना आपल्या विमानतळावर बघतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार आणि मच्छरदाणीत झोपायचा कंटाळा करू नकोस. मी केला होता.

कोटणीसांबद्दल. मी परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात स्मारकात गेले होते, खूप वर्षांनी. शाळेत असताना मला त्यांचं मरण तेवढं मोठं वाटायचं. या वेळी मी त्या मोहिमेतल्या बाकीच्या डॉक्टरांचा विचार करत उभी राहिले. ते परत आले. त्यांच्यामागे तिथले दवाखाने चालूच राहिले असतील, म्हणजे कुणीतरी शिकलं असेल, कुणीतरी शिकवलं असेल. त्यांच्याबद्दल आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. तू सहा महिन्यांसाठी जाते आहेस, सहा महिन्यांचंच काम ठरव. पहिल्या दिवशी विचार की माझ्यानंतर हे कोण करणार, आणि त्या माणसाला शेजारी उभं करूनच पट्टी बांध. मी सहा महिने उशीर केला.

---

रेल्वे_लाईन्स | १२ एप्रिल, सकाळी ८:१५

ताई, फोन लावलात का?

---

सुईदोरा | १२ एप्रिल, रात्री ९:५५

लावला, शुक्रवारी तिथल्या सकाळी. त्यांचं घड्याळ वेगळं, दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला. मी 'साआ न्ने' म्हणजे दहा वाजता फोन करते असं लिहिलं होतं, आणि १४ पैकी ९ जणी केंद्रात येऊन बसल्या होत्या.

१२ पैकी १० मशीनं चालू आहेत. दोन बंद, सुटे भाग दारहून यायचेत. ज्या मुलीनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं, तीच आता मशीनं उघडते.

मग त्यांनी नव्या शर्टांचे फोटो पाठवले, दुसऱ्या एका शाळेची ऑर्डर आहे. मी फोटो मोठा करून बघितला. कॉलर बदललीय. मी स्टँडची, म्हणजे गळ्याला उभी पट्टी असलेली कॉलर शिकवली होती, आत बकरम, म्हणजे कडक अस्तर, घालून, आपल्या कारखान्यात निघते तशी. यांनी स्टँड काढून टाकलाय आणि बकरमही. सपाट कॉलर, एका तुकड्यात. माझ्या डोळ्याला ती पडलेली दिसते. चार धुण्यांत वळेल असं वाटलं. मी लगेच लिहायला घेतलं, बकरम का काढलं, दारहून मागवा, मी पैसे पाठवते. लिहून झालं. मग विचार आला, की बकरम दारहून आणायला लागतं म्हणूनच काढलंय. कापडही वाचतंय, शर्टाची किंमत उतरलीय, आणि दोडोमाच्या उन्हात पोराच्या गळ्याला ते मऊच बरं.

तो मेसेज मी पुसला. त्याऐवजी विचारलं, ही कॉलर कुणी बेतली? तर सगळ्यात लहान मुलगी, १६ वर्षांची. तिनं मला कागदावर पॅटर्न काढून त्याचा फोटो पाठवलाय, मापांसकट. आज दुपारी वरच्या खोलीत बसून मी तो जुन्या चादरीच्या कापडावर कापून बघितला. गळ्याच्या मागे तिनं अर्धा इंच जास्त धरलाय, ते मला अजून समजलेलं नाही. उद्या तिलाच विचारते.